जागरणं मोजून कुणी असोसिएट होत नाही

‘ॲनालिस्टचा असोसिएट व्हायचंय? मग बॉसच्या आधी घरी जाऊ नका, एक्सेलमध्ये माऊसला हात लावू नका, कुठल्याही कामाला नाही म्हणू नका. एमबीए नसेल तर विसरा. असेल तर दोन वर्षं काढा, पद आपोआप मिळतं.’ इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारून देण्याच्या धंद्यात, ॲनालिस्ट ही पहिली पायरी आणि असोसिएट तिच्या वरची. या धंद्यात शिरलेल्या आणि शिरू पाहणाऱ्या मुलामुलींमध्ये हा सल्ला थोड्याफार फरकानं सतत फिरत असतो. मुंबईत या धंद्यात बरीच वर्षं काढल्यावर, ज्युनिअर मंडळींच्या रिव्ह्यूंना बसल्यावर, मला तो घातक वाटतो. त्यापायी मुलं तब्येत घालवतात आणि ज्यावर बढती ठरते ते शिकायचं राहूनच जातं.

आधी जागरण. गोल्डमन सॅक्समधल्या पहिल्या वर्षाच्या १३ ॲनालिस्टनी आपसात केलेली पाहणी २०२१ मध्ये बाहेर आली. आठवड्याला सरासरी ९५ तास काम भरत होतं. २०२४ मध्ये जेपी मॉर्गननं ज्युनिअर मंडळींसाठी, बहुतेक परिस्थितीत, ८० तासांची मर्यादा घातली. मर्यादाच एवढी, तेव्हा रात्री बारालाही फ्लोअर भरलेला असतो. सगळेच बसतात, मग बसण्यावरून कुणाला निवडणार? ‘किती वाजता निघतो?’ असं रिव्ह्यूत कुणी विचारलेलं मला आठवत नाही. ‘याचं पान न उघडता क्लायंटला पाठवशील का?’ हे मात्र दरवेळी विचारलं जातं.

एक्सेलचे शॉर्टकट यायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण त्यांचं कौतुक पहिल्या वर्षापुरतं. आयपीओच्या मसुद्यात, म्हणजे डीआरएचपीमध्ये, केपीआय (धंदा कसा चाललाय ते सांगणारे मुख्य आकडे) देणं सेबीनं २०२२ च्या अखेरीस सक्तीचं केलं. हे आकडे कंपनीच्या ऑडिट कमिटीनं मंजूर करायचे, सीएनं प्रमाणित करायचे आणि शेजारी स्पर्धक कंपन्यांचे आकडे मांडायचे. आमच्या एका डीलमध्ये कंपनीचा आरओसीई (गुंतलेल्या भांडवलावर किती टक्के नफा मिळतो तो आकडा) वर्षअखेरच्या भांडवलावर काढला होता आणि स्पर्धकांचा सरासरी भांडवलावर. फॉर्म्युले बरोबर, बेरजा जुळत होत्या, शीटमध्ये एकही एरर नव्हता. पण वाढत्या कंपनीचं अखेरचं भांडवल सरासरीहून मोठं असतं, त्यामुळे आमचाच क्लायंट स्पर्धकांपुढे उगाच फिका दिसत होता. दीड वर्ष झालेल्या एका ॲनालिस्टच्या हे लक्षात आलं. तिनं चार ओळींची मेल टाकली: गफलत काय आहे, कुठली तीन पानं बदलतील, सीएचं सर्टिफिकेट पुन्हा घ्यावं लागेल, वकिलांकडे दुरुस्त पानं संध्याकाळपर्यंत जातील. कुणाला काही विचारावं लागलं नाही. टीममध्ये तिच्याहून झपाझप एक्सेलमध्ये आकड्यांचं मॉडेल बांधणारे होते. त्यांच्या आधी ती असोसिएट झाली. मला यात आश्चर्य वाटलं नाही, कारण मसुद्यासोबत सेबीकडे जाणाऱ्या ड्यू डिलिजन्स सर्टिफिकेटवर सही बँकेची असते. चुकीचं पान गेलं तर जाब बँकेला विचारतात.

‘नाही म्हणू नका’ हा तर सगळ्यात वाईट सल्ला. अमेरिकी गुंतवणूकदारांनाही शेअर विकायचे असतात अशा इश्यूत ऑडिटरचं कम्फर्ट लेटर, म्हणजे आकड्यांबद्दलचं खात्रीपत्र, लागतं. शेवटच्या तपासलेल्या ताळेबंदाला १३५ दिवस झाले, की ‘त्यानंतर काही गैर आमच्या नजरेस आलं नाही’ असं ऑडिटर लिहून देत नाहीत. सप्टेंबरअखेरचे आकडे असतील तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुदत संपली. त्याआधी मसुद्यातल्या आकड्याआकड्याला गोल करून तो कुठल्या कागदावरून आला ते दाखवायचं असतं. याला आम्ही सर्कल-अप म्हणतो. अशा दिवसांत तीन टीमना ‘हो, करतो’ म्हणून बुधवारी रात्री हात वर करणारा माणूस डील बुडवू शकतो. सोमवारी सकाळीच कामं वाटणाऱ्या स्टाफरला सांगा: सर्कल-अप आणि दोन पिच (नवं काम मिळवण्यासाठीची सादरीकरणं), तिन्ही गुरुवारपर्यंत होणार नाहीत, दुसरी पिच शुक्रवारी दिली तर चालेल का? यावर कुणी चिडलंच तर तासाभरात निवळतं. बुधवार रात्रीचं मात्र वर्षभर लक्षात राहतं.

एमबीएची अट जुनी झाली. दोन वर्षं ॲनालिस्ट राहायचं आणि मग बिझनेस स्कूल गाठायचं, ही अमेरिकेतली वहिवाट. आता तिथंही थेट बढती नेहमीची झाली आहे. आपल्याकडे तर सीए होऊन आलेले कितीतरी जण एमबीए न करता वर गेले. आणि बिझनेस स्कूलमधून थेट असोसिएट म्हणून आलेल्यालाही सुरुवातीला पान कसं बांधायचं ते ॲनालिस्टकडूनच शिकावं लागतं.

राहिली दोन वर्षं. या दाव्याला थोडा आधार आहे. ज्युनिअर मंडळी प्रायव्हेट इक्विटीकडे, म्हणजे कंपन्यांत पैसा घालणाऱ्या फंडांकडे, निघून जात होती, तेव्हा २०१५ मध्ये गोल्डमननं असोसिएट होण्याचा काळ तीनवरून दोन वर्षांवर आणला. पण ती पात्रतेची मुदत झाली. मुंबईतल्या लहान बँकांत ठरलेली बॅचही नसते. बाजार थंडावला, मँडेट (क्लायंटकडून मिळणारी कामं) आटली, की तयार माणूसही ताटकळतो. तसं झालं तर स्वतःला नालायक ठरवू नका. पण गप्पही बसू नका. रिव्ह्यूच्या सहा महिने आधी वरिष्ठांना गाठून एवढंच विचारा: असोसिएटच्या कामांपैकी कुठलं काम तुम्ही मला अजून देत नाही, आणि का? उत्तर बहुधा नेमकं मिळतं. नव्या ॲनालिस्टचं काम तपासणं असेल, वकिलांचा कॉल एकट्यानं चालवणं असेल. ते काम पुढच्या डीलमध्ये मागून घ्या.