नानांचं शटर

शनिवारी संध्याकाळी घरामागच्या स्विमिंग पूलचं ऑटोमॅटिक कव्हर बंद होता होता अर्ध्यावर अडकलं, तेही तिरकं. मी मेकॅनिकल इंजिनिअर. सॅन होजेत पंधरा वर्षं तेच करून पोट भरतो. तरी कामाला आले ते माझे सासरे, आणि हे मला अजून पचलेलं नाही.

नानांचं सांगलीच्या गणपती पेठेत चाळीस वर्षं किराणा दुकान होतं. पूल म्हटलं की त्यांना आयर्विन पूल दिसतो. 'पूलवर कव्हर घालून येतो' असं मी पहिल्या दिवशी म्हणालो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं होतं.

या कव्हरच्या पुढच्या कडेला अॅल्युमिनियमची दांडी असते आणि दोन्ही बाजूंना दोऱ्या. दोऱ्या ट्रॅकमधून पलीकडच्या टोकाला जातात, तिथल्या पुलीला वळसा घालून परत येतात आणि मोटरशेजारच्या रिळांवर गुंडाळल्या जातात. एक दोरी मागे पडली की दांडी तिरकी, दांडी तिरकी झाली की क्लच घसरतो. मग मोटर नुसती घुमते. त्यात कव्हर चालवायची भिंतीवरची चावी फिरवून धरून ठेवावी लागते, सोडली की सगळं थांबतं. पोरं पाण्यात असतील म्हणून हे योग्यच आहे, पण वीस मिनिटं चावी पिळून अंगठा सुन्न झाला की सुरक्षेचं कौतुक कमी होतं.

नाना चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले होते.

"जावईबापू, शटर तिरकं गेलंय."

"नाना, हे शटर नाही."

"गुंडाळतंय ना? दोन्ही बाजूंना पट्टी आहे ना? मग शटरच. तिरकं गेलेलं शटर खाली ओढायचं नसतं. पार वर न्यायचं, मग परत आणायचं."

मी ऐकलं नाही. आधी पाण्याची पातळी पाहिली, कारण कव्हर पाण्यावर टेकतं. पाणी स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या, भिंतीतल्या खाचेच्या) तोंडाच्या मध्यापेक्षा फार खाली गेलं तर कापड झोळीसारखं लोंबतं आणि दोऱ्यांवर ताण येतो. पातळी ठीक होती. कव्हरवर पावसाचं पाणीही नव्हतं. (ते भलतंच जड प्रकरण असतं. १६ बाय ३२ फुटांच्या कव्हरवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १२०० लिटर. पंपाने ते उपसल्याशिवाय चावीला हात लावू नये.)

"ट्रॅकला मेण लावा थोडं," खुर्चीतून आवाज.

इथे मी जिंकलो. मेण, तेल, ग्रीस काही लावायचं नसतं. त्यावर माती चिकटून आणखी घट्ट बसते. पाईपने पाणी मारून ट्रॅक धुवायचा, बस्स. हे मी जरा जास्तच वेळ समजावून सांगितलं.

नानांनी चहा संपवला. उठले, चपला काढल्या आणि मागे पडलेल्या बाजूच्या ट्रॅकवरून अंगठा फिरवत टोकापर्यंत गेले. पुलीपाशी वाकले.

"सुपारी."

"काय?"

"सुपारी अडकलीय."

ओकचं फळ. शेजाऱ्यांच्या झाडाचं. दोरी आणि पुलीच्या मधोमध पाचर मारल्यासारखं. मी धावत जाऊन ब्रेकर पाडला (मोटर चालू असताना तिथे बोट घालायचं नाही, अजिबात नाही) आणि स्क्रूड्रायव्हरने ते काढलं. मग कव्हर पूर्ण उघडलं, परत बंद केलं. दांडी सरळ. मॅन्युअलमध्येही तेच निघालं: तिरकं झाल्यास आधी पूर्ण उघडा. पान चार. मी थेट पान एकतीसवरून, दोऱ्यांची लांबी जुळवण्यापासून सुरुवात केली होती.

इथवर ठीक होतं. पण मी नानांच्या आधी मेकॅनिकला फोन करून बसलो होतो, आणि तो रद्द करायचं विसरलो. तो सोमवारी आला, चावी फिरवली, कव्हर एकदा उघडून मिटलं, 'सगळं छान आहे' म्हणाला आणि नुसत्या भेटीचे १८० डॉलर घेऊन गेला. ओकच्या झाडाची फांदी कापायला शेजारी अजून तयार नाहीत, ते वेगळंच.

नानांनी मनातल्या मनात रुपये केले.

"म्हणजे गिऱ्हाईक दुकानात आलं, काही न घेता गेलं, आणि वर पैसे तुम्ही दिलेत?"

आता रोज रात्री नऊला चावी नानाच फिरवतात. दांडी पलीकडे टेकली की तिला हात लावून तो छातीशी नेतात. मी खिडकीतून बघतो.