दुसऱ्याचं नाव दिसलं म्हणजे खातं हॅक झालं?

एक मेसेज फिरतोय: "लॉगिन केल्यावर दुसऱ्याचं नाव दिसलं तर तुमचं खातं हॅक झालंय. कॅश, कुकीज पुसा, पासवर्ड बदला. नुसतं नावच चुकतं, डेटा सुरक्षित असतो." हा सल्ला लोकांना चुकीच्या जागी शोधायला लावतो.

"हॅक झालंय." २५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेम विकणाऱ्या साइटच्या दुकानात लोकांना दुसऱ्यांची पानं दिसू लागली. हल्ला होता, पण तो खूप ट्रॅफिक पाठवून साइट लोळवण्याचा. तो थोपवायला कॅशिंगची (तयार पानं साठवून पुन्हा देण्याची) नवी सेटिंग लावली आणि तिने लॉगिन केलेल्यांची पानंही साठवून भलत्यांनाच दिली. कुणाचाही पासवर्ड फुटला नव्हता.

कोडमध्ये तर हे सहज घडतं. नोडच्या (म्हणजे जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या) सर्व्हरवर कुणी सध्याचा युजर ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्या रिक्वेस्टींच्या सामाईक जागेत ठेवतो. सुनीताची रिक्वेस्ट येते, तिचं नाव त्यात बसतं, पुढे डेटाबेसच्या उत्तरासाठी अवेट (उत्तर येईपर्यंत थांबणं) लागतो. तेवढ्यात राजेशची रिक्वेस्ट येऊन तेच व्हेरिएबल बदलते. डेटाबेसचं उत्तर आलं की सुनीताला "नमस्कार, राजेश" दिसतं. एकट्याने टेस्ट केलं तर हे कधीच सापडत नाही. दोन खाती, दोन ब्राउझर आणि एकाच वेळी रिक्वेस्टींचा मारा, असं करूनच बघावं लागतं.

"कॅश, कुकीज पुसा." नाव बदलूनही स्वतःचंच जुनं नाव दिसत असेल, किंवा सामाईक कॉम्प्युटरवर आधीच्या माणसाचं लॉगिन राहिलं असेल, तर जरूर पुसा. पण चूक सीडीएनमध्ये (साइटची पानं साठवून वाटणाऱ्या मधल्या सर्व्हरांमध्ये) असेल तर तुमचा ब्राउझर कितीही धुतला तरी काय होणार? ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा आणि त्या पानाचे रिस्पॉन्स हेडर (पानासोबत येणाऱ्या सूचना) वाचा. वैयक्तिक पानावर कॅश-कंट्रोल "पब्लिक" (सामाईक साठ्यात ठेवायला मोकळीक) असेल किंवा एक्स-कॅशपुढे "हिट" (साठवलेली प्रत दिली) दिसत असेल, तर संशय तिथेच घ्यायचा. अशा पानांना "प्रायव्हेट, नो-स्टोअर" हवं.

"पासवर्ड बदला." बदलल्याने बिघडत नाही, पण बिघाड सेशनचा (तुम्ही लॉगिन आहात हे लक्षात ठेवणाऱ्या नोंदीचा) असतो. मार्च २०२१ मध्ये कोड साठवण्याच्या गिटहब या साइटवर आढळलं की रेस कंडिशनमुळे (एकाच वेळी चाललेल्या कामांची सरमिसळ होऊन) क्वचित एकाचं सेशन दुसऱ्याच्या ब्राउझरला जात होतं. त्यांनी बग दुरुस्त करून सगळ्यांनाच लॉगआउट केलं. ते काम सर्व्हरवाल्यांचंच.

"डेटा सुरक्षित असतो." ही थाप सगळ्यात घातक. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीवर रेडिस या डेटा झटपट देणाऱ्या साठ्याशी बोलणाऱ्या लायब्ररीतल्या बगमुळे दुसऱ्यांच्या चॅटची शीर्षकं दिसली. शिवाय काही सशुल्क ग्राहकांचं नाव, ईमेल, पत्ता आणि कार्डाचे शेवटचे चार आकडेही इतरांना दिसू शकत होते.

म्हणून तसं नाव दिसलं की त्या खात्यात काहीही क्लिक करू नका. वेळ, यूआरएल आणि हेडर टिपून साइटवाल्यांना कळवा. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. त्यात कुणा अनोळखी माणसाची माहिती आहे.