ॲपवर ओळख झाली, हे घरी खरं सांगा

"तुमची ओळख कुठे झाली?" बडोद्यातल्या मराठी लग्नात कुणी असं विचारलं की नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात आणि "कॉमन फ्रेंडमुळे" असं सांगून मोकळे होतात. तो फ्रेंड नसतोच. ओळख डेटिंग ॲपवर झालेली असते, आणि हे आईला माहीत नसतं, आत्याला तर नाहीच नाही. ॲपवर भेटून छान संसार करणारी जोडपी आता आपल्या सगळ्यांच्या नात्यात आहेत. त्यांच्या प्रेमाबद्दल मला आदर आहे. पण हा खोटा मित्र उभा करणं थांबायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ते चुकीचं आहे म्हणून तर आहेच, पण त्याहून मोठं कारण व्यवहारातलं आहे.

ठरवून केलेल्या लग्नात चौकशी होते. दांडिया बाजारातल्या मुलीला इंदूरचं स्थळ आलं की आत्याची नणंद, तिच्या सोसायटीतल्या काकू, मुलाच्या ऑफिसातला कुणी ओळखीचा, अशी माणसं आपोआप कामाला लागतात. नोकरी खरी आहे का, घरावर कर्ज किती, आधी साखरपुडा मोडलाय का, सगळं आठ-पंधरा दिवसांत कळतं. ॲपवर ही साखळी नाही. प्रोफाइलवरच्या निळ्या खुणेवर लोक फार विसंबतात. बहुतेक ॲपवर तिचा अर्थ इतकाच, की काढलेला सेल्फी प्रोफाइलमधल्या फोटोंशी जुळला. पगार, पदवी, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही त्या खुणेत येत नाही. आता घरी "मित्राने ओळख करून दिली" असं सांगितलंत की आईवडील गृहीत धरतात, मित्र ओळखतो म्हणजे माणूस बघितलेला आहे. ते चौकशी करत नाहीत. तुम्हीही केलेली नसते. म्हणजे कुणीच केलेली नसते!

अमेरिकेत हा बदल आकड्यांत दिसतो. स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०१७ साली भेटलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के ऑनलाइन भेटलेली होती. मित्रांमार्फत भेटण्याला या वाटेने मागे टाकलं होतं. मध्यस्थ तिथेही उरला नाही. आपल्याकडे मध्यस्थ फक्त जुळवत नसे, तो जबाबदारही असे. ती जबाबदारी आता दोघांनी उचलायची आहे.

कशी, ते सांगतो.

बडोद्यात ॲपवर ५० किलोमीटरचं वर्तुळ ठेवलं तर आणंद त्यात येतं. भरूच ७०च्या आसपास, अहमदाबाद शंभरच्या. मराठीच जोडीदार हवा असेल तर मॅच थोडे मिळतात आणि मग गाडी मुंबई-पुण्याकडे वळते. शहर दूर असेल तर व्हिडिओ कॉल लवकर करा, पहिल्या आठवड्यातच. फोटो गूगल लेन्सवर टाकून बघा, पण काही सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असं समजू नका. आता एआयने बनवलेले चेहरे आहेत, ते कुठेच सापडत नाहीत. कॉलवर मान पूर्ण बाजूला वळवायला सांगा, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा. बनावट चेहरा तिथे बहुधा फाटतो. कॅमेरा महिनाभर "खराब" असेल तर पुढे बोलू नका. आणि दोन-तीन आठवड्यांच्या गप्पांनंतर प्रत्यक्ष भेटा. सहा महिने नुसतं चॅट केलं की आपण समोरच्या माणसाऐवजी मनात तयार केलेल्या माणसावर प्रेम करायला लागतो, आणि पहिल्या भेटीत दोघांचाही हिरमोड होतो.

पैशाची गोष्ट निघाली की थांबा. "तुझ्यासाठी पाठवलेलं पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय" ही जुनी युक्ती. नवी युक्ती गुंतवणुकीची: प्रेमाने एक ट्रेडिंग ॲप शिकवतात, सुरुवातीला थोडा नफा काढूनही देतात, विश्वास बसून मोठी रक्कम टाकली की खातं गोठतं. अनोळखी नंबरवरून नग्न व्हिडिओ कॉल आला आणि त्याचं रेकॉर्डिंग दाखवून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, कारण दिल्यावर मागणी वाढते. स्क्रीनशॉट ठेवा आणि लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करा. पैसे गेले असतील तर पहिले काही तास फार मोलाचे असतात. रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवता येते.

पहिल्या भेटीसाठी माझी पसंती कमाटी बागेतल्या म्युझियमला. १८९४चं म्युझियम, आत निळ्या देवमाशाचा सांगाडा, इजिप्तची ममी. बोलायला विषय आपोआप मिळतात, माणसांची ये-जा असते, आणि कंटाळा आला तर अर्ध्या तासात निघता येतं. मुंबई-पुण्याहून येणाऱ्याला स्टेशनवरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहे. त्या दिवशी उघडं आहे ना, एवढं आधी पाहून घ्या. कॅफेत जायचं असेल तर फतेगंज, अलकापुरीत भरपूर आहेत, पण कॅफे तुम्ही निवडा. समोरची व्यक्ती एकाच अनोळखी ठिकाणाचा हट्ट धरत असेल तर तिथे फुगवलेलं बिल येण्याची शक्यता असते. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर पहिली भेट ठेवू नका. तिथे एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही आणि गर्दीत चुकामूक झाली तर फोनही लागत नाही. बाहेरून येणाऱ्यांना एक आवर्जून सांगा: गुजरातेत दारूबंदी आहे, भेट म्हणून वाइनची बाटली बॅगेत घालून विनापरवाना आणणं हा गुन्हा आहे.

आपल्या गाडीने जा, आपल्या गाडीने या. एका मैत्रिणीला किंवा भावाला व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन द्या. १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे पर्याय येतात, ८ तासांचा घ्या. गुजरातेत मुलींसाठी १८१ अभयम हेल्पलाइन आहे, नंबर सेव्ह असू द्या. बिल अर्धं-अर्धं वाटा आणि आपला वाटा समोरच्याला यूपीआयने द्या. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर बँकेत नोंदवलेलं नाव दिसतं. प्रोफाइलवर एक आडनाव आणि बँकेत दुसरं, हे तिथल्या तिथे कळतं.

तीन-चार भेटींनंतर, मन गुंतलंय असं दोघांनाही वाटलं की खरी चौकशी सुरू करा, आणि ती दोन्ही बाजूंनी, कागद समोर ठेवून. पदवी डिजिलॉकरवर दाखवता येते. ई-कोर्ट्सच्या साइटवर नाव आणि वर्ष टाकून जिल्हा न्यायालयातले खटले फुकट शोधता येतात. कुणी घटस्फोटित असेल तर हुकूमनाम्याची प्रत मागा आणि अपिलाची मुदत संपली का ते बघा. हे मागताना अजिबात संकोच नको, आणि घटस्फोट लपवण्याची वेळही कुणावर येऊ नये. याच बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आणला, देशात हिंदू विवाह कायदा येण्याच्या २४ वर्षं आधी. त्या शहरात आज एखाद्या मुलीला प्रोफाइलवर "अविवाहित" लिहावंसं वाटतं, याचं मला वाईट वाटतं.

पत्रिका बघा किंवा नका बघू, रक्ताची एक तपासणी मात्र दोघांनी करा: एचपीएलसी पद्धतीने हिमोग्लोबिन ए२. ते साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर थॅलेसेमिया मायनर असू शकतो, म्हणजे माणूस या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे प्रत्यक्ष गंभीर आजार, होण्याची शक्यता २५ टक्के असते. मराठी-लोहाणा, मराठी-सिंधी अशी लग्नं आपल्याकडे होतात आणि त्या समाजांत हे प्रमाण जास्त आहे, म्हणून हे टाळू नका. बाकी बोलून घ्यायच्या गोष्टी: कर्जाचे हप्ते, आईवडिलांची जबाबदारी, कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जायचा विचार, आणि घरात अंडं-मासे चालतील का. या शेवटच्या प्रश्नावर गुजराती-मराठी घरांत लग्नानंतर रडारड होते, आधी विचारलं तर दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

मग घरी सांगा. मावशीला आधी विश्वासात घ्या, हरकत नाही, पण आईबाबांना तुम्ही स्वतः सांगा. "ॲपवर ओळख झाली. इतके महिने बोलतोय. हे हे आम्ही तपासलं. हा त्यांच्या घरचा पत्ता, हा वडिलांचा नंबर, आता तुम्ही चौकशी करा." आईवडिलांना काम द्या. त्यांना चौकशी उत्तम येते, तुमच्याहून चांगली. आणि आईबाबांना माझी विनंती: ॲपचं नाव ऐकून तोंड फिरवू नका आणि मुलांचं चॅटही वाचू नका. स्थळ आलंय असं समजा आणि घर बघायला जा. आज ना उद्या खरं बाहेर येतंच, गणपतीच्या आरतीला चार घरं जमली की कुणीतरी त्या कॉमन फ्रेंडचं नाव विचारतंच. तेव्हा सासूला वाटतं, सून आणखी काय काय लपवतेय.

दोघंही हिंदू असाल तर विधी करून मग महापालिकेत नोंदणी. फॉर्मवर गुरुजींची सही लागते, ती मांडवातच घेऊन ठेवा. धर्म वेगळे असतील तर विशेष विवाह कायदा, १९५४. त्यात धर्म बदलावा लागत नाही. दोघांपैकी एकाचं नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य हवं. नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते आणि हरकतींसाठी ३० दिवस असतात, म्हणजे घरी सांगितलं नसेल तर ते तिथल्या फलकावरून कळू शकतं. ती वेळ येऊ देऊ नका. लग्नाच्या दिवशी ३ साक्षीदार लागतात, ओळखपत्रांसह. नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून आधी हॉलची तारीख पक्की करा, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून, आणि त्या तारखेच्या साधारण दोन महिने आधी नोटीस द्या.