खुलासा: ‘प्रिन्स्टन किंवा एमआयटी नसेल तर क्वांट विसरा’ हे खरं नाही

अमेरिकेत एमएससाठी अर्ज करणाऱ्या मुलांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: क्वांट (म्हणजे वित्तीय कंपन्यांत गणित आणि संगणकाच्या जोरावर खरेदी-विक्रीचे निर्णय घेणारा तज्ज्ञ) व्हायचं तर प्रिन्स्टन किंवा एमआयटीच, बाकी सगळे पैसे पाण्यात. हा मेसेज वाचून चांगली मुलं अर्जच करत नाहीत, म्हणून हा खुलासा.

मॅनहॅटनमधलं बरूक कॉलेज घ्या. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाचा तो भाग. नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही; पण त्याचा फायनान्शियल इंजिनीअरिंगचा, म्हणजे क्वांट घडवणारा, अभ्यासक्रम क्वांटनेट या अशा अभ्यासक्रमांची क्रमवारी लावणाऱ्या वेबसाइटच्या यादीत प्रिन्स्टनच्या जोडीनं अगदी वर असतो.

मोठ्या नावाचा उपयोग होतो, हे नाकारत नाही. हजारो अर्जांतून तुमचा सीव्ही उघडला जातो तो बऱ्याचदा त्यामुळेच. पुढे मुलाखतीत मात्र असं विचारतात: लागोपाठ दोन छापे पडेपर्यंत नाणं सरासरी किती वेळा उडवावं लागेल? उत्तर ६. आणि छाप्यानंतर लगेच काटा हवा असेल तर? ४. हा फरक का पडतो, ते कागदावर मांडून दाखवावं लागतं. तिथे डिग्रीचं नाव कामी येत नाही.

आणखी एक. क्वांट कंपनीत संशोधक म्हणून काम हवं असेल तर गणित, संख्याशास्त्र किंवा भौतिकशास्त्रातली पीएचडी अनेकदा जास्त उपयोगी पडते. ट्रेडर (प्रत्यक्ष खरेदी-विक्री करणारा) म्हणून तर बऱ्याच कंपन्या थेट पदवीनंतरच घेतात. त्यामुळे आधी काम ठरवा, मग विद्यापीठांची यादी करा.