हसा, पण आधी आप्पांची गोष्ट ऐका

आज सकाळी पोराचा डबा भरताना फोन वाजला. आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एका काकांनी क्लिप टाकली होती. जुनीच, २०१९ ची. चार्ल्स तेव्हा युवराज होता, न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आला होता. एका माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, आजोबांच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवून उभा आहे. खाली काकांची ओळ: "राजाची काय ही दशा! त्यापेक्षा आपला नमस्कार बरा, एकदम सायंटिफिक." आणि त्याखाली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारी पिवळी तोंडं. मोजली मी. सतरा. त्यातली चार माझ्या घरी पुरणपोळी खाऊन गेलेली आहेत.

डब्यात भाजी भरायची राहिली. नुसत्या पोळ्या गेल्या पोराबरोबर. आता हे लिहिते, नाहीतर दिवसभर डोकं ठणकत राहील.

आधी एक आठवण करून देते. मार्च २०२०. कोरोना नुकताच पसरत होता. लंडनमध्ये याच चार्ल्सने शेकहँडसाठी हात पुढे केला, मग आठवलं, हात मागे घेतला आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तो व्हिडिओ याच ग्रुपवर दिवसाला पाच वेळा फिरत होता. "जग आपल्याकडे वळलं", "पूर्वजांना साष्टांग" वगैरे. बरोबर? म्हणजे राजा आपल्यासारखे हात जोडतो तेव्हा तो संस्कृतीचा विजय, आणि तोच राजा ज्यांच्या दारात आलाय त्यांच्यासारखं नाक टेकवतो तेव्हा त्याची दशा?

आता आप्पांची गोष्ट.

आमचे आप्पा कोरेगाव तालुक्यातले. एसटीत कंडक्टर होते आणि पायी वारी कधी चुकवली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते इथे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला, आमच्याकडे होते आणि माझ्या पोराचा शाळेतला पहिला आठवडा होता. नव्या मुलांचं आणि त्यांच्या घरच्यांचं स्वागत म्हणून शाळेत पोफिरी होती. (लिहिताना डब्ल्यू-एच लिहितात, म्हणायचं फ. मलाही दोन वर्षं लागली.) पाहुण्यांनी फाटकाशी थांबायचं. आतून एक बाई लांब सूर काढून साद घालते, तिला कारंगा म्हणतात. ती ऐकू आली की सगळ्यांनी मिळून, हळूहळू, आत जायचं. बायका पुढे. मग भाषणं, गाणी, आणि मग यजमानांच्या रांगेपुढून एकेकानं जात होंगी, म्हणजे तेच क्लिपमधलं कपाळाला कपाळ, नाकाला नाक.

मी गाडीतच आप्पांना बजावलं होतं, "आप्पा, नुसता हात मिळवायचा. पुढचं काही करायचं नाही." का बजावलं? सांगते नंतर.

रांगेत एक कौमातुआ होते, म्हणजे वडीलधारे. ऐंशीच्या पुढचे, हातात कोरीव काठी. आप्पा त्यांच्यासमोर आले. पांढरा लेंगा-सदरा, टोपी, पायात नातवाच्या बापाचे दोन नंबर मोठे बूट. आप्पांनी चष्मा काढला, खिशात ठेवला, जसं काही जन्मभर हेच करत आलेत. आणि कपाळ पुढे केलं. टोपीचं टोक त्या आजोबांच्या कपाळाला लागलं आणि टोपी खाली पडली. दोघांचं तिकडे लक्षच नाही. डोळे मिटलेले. एक श्वास, फार तर दोन.

इथे थांबते, कारण हसणाऱ्यांना हा श्वास म्हणजे काय ते ठाऊक नसावं. माओरी कथेत ताने नावाचा देव मातीची बाई घडवतो, हिनेअहुओने तिचं नाव. तिच्या नाकपुड्यांत तो फुंकर घालतो, ती शिंकते आणि जिवंत होते. म्हणून इथली भाषणं "तिहेई मौरी ओरा" या पुकाऱ्यानं सुरू होतात, म्हणजे शिंकेतून आलेला जीव. (आपल्याकडे निघताना कुणी शिंकलं की दोन मिनिटं बसा. यांच्याकडे शिंकेनंच माणूस सुरू!) तो पहिला श्वास दोघांनी वाटून घ्यायचा, ती होंगी. तो घेतला की तुम्ही परके राहत नाही. आता मला सांगा, मातीच्या मूर्तीत प्राण घालायचा हे आपण दर भाद्रपदात भाड्याच्या हॉलमध्ये भटजींना व्हिडिओ कॉलवर घेऊन करतो. आपल्याला यात हसण्यासारखं काय सापडलं?

आणि "राजाची दशा" म्हणजे काय हो? राजघराण्याचा म्हणून एक शिष्टाचार आहे, मान्य. पुरुषांनी मान लववायची, बायकांनी गुडघा किंचित दुमडायचा, आधी "युवर मॅजेस्टी" आणि मग "सर". स्वतःहून अंगाला हात लावायचा नाही. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांचा, पॉल कीटिंगचा, हात राणीच्या पाठीला लागला तर ब्रिटिश पेपरांनी त्याला सरडा ठरवलं. गंमत म्हणजे राजघराण्याची स्वतःची वेबसाइट सांगत आलीय की सक्तीचा असा कुठलाच नियम नाही, बरेच लोक परंपरा म्हणून पाळतात एवढंच. म्हणजे ज्यांचा शिष्टाचार त्यांना त्याचं ओझं नाही, आणि हॅमिल्टनच्या आमच्या काकांना आहे.

बरं, राजघराण्यातल्यांनी हे चार्ल्सपासून सुरू केलं असंही नाही. १९८३ मध्ये डायनाने होंगी केली. २०१४ मध्ये विल्यम आणि केट, २०१८ मध्ये हॅरी आणि मेगन, सगळ्यांनी केली. केटच्या वेळी ब्रिटिश पेपरांना स्वागत दिसलंच नाही, त्यांना दिसला फक्त गोंदलेल्या, उघड्या कुल्ल्यांचा योद्धा. काका, तुमची कंपनी ही आहे.

मानापमानाचं आपल्याला कुणी शिकवायला नको खरं तर. १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात मागच्या रांगेत उभं केलं म्हणून महाराज काय करून बाहेर पडले ते आपलं शेंबडं पोरही सांगतं. १९११ च्या दिल्ली दरबारात बडोद्याचे सयाजीराव पंचम जॉर्जपुढे दागिने न घालता गेले, एकदाच जेमतेम वाकले आणि पाठ फिरवून चालू लागले. ठरलेलं होतं तीनदा वाकून, पाठ न दाखवता मागे येणं. केवढा गहजब झाला, नंतर त्यांना दिलगिरीचं पत्र द्यावं लागलं. मुद्दाम केलं की गोंधळले यावर वाद घालतात लोक. मी मुद्दामच धरते. तर अशा घराण्यांच्या गोष्टी छाती फुगवून सांगणारे आपण, आणि दुसऱ्या कुणी आपल्या पद्धतीचा मान मागितला की आपल्याला हसू येतं.

त्यांनी कसा मागितला तेही ऐका. आमच्या घरापासून वीसेक किलोमीटरवर न्गारुआवाहिया. तिथे माओरी राजघराण्याचा मराए, म्हणजे सभा-स्वागताची जागा, आहे, तुरांगावाएवाए. होय, इथे दुसरंही एक राजघराणं आहे, १८५८ पासून. २०१४ च्या दौऱ्यात विल्यम आणि केटसाठी तिथे ९० मिनिटं काढली होती. माओरी राजाच्या कचेरीनं कळवलं, एवढ्या वेळात आमचं स्वागत बसत नाही, तेव्हा नको. हे वाचून मी उठून टाळी वाजवली होती. घड्याळ लावून गळाभेट होत नसते. वारीत आप्पांना कुणी सांगितलं असतं की माऊली, दीड तास आहे तुमच्याकडे, पंढरपूर उरकून घ्या, तर?

आणि हे उगाच ताठणं नव्हे. १८६० च्या दशकात इंग्रजी फौजेनं याच वायकातो भागावर चाल केली आणि सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त केली. ज्या मातीवर माझं गहाण टाकलेलं घर उभं आहे ती त्यातलीच. १९९५ मध्ये राणी एलिझाबेथ वेलिंग्टनला आली आणि माफीचा कायदा तिनं स्वतःच्या हातानं सही करून मंजूर केला, माओरी राणीच्या समोर बसून. त्यातून सगळी जमीन परत आली नाही. पण एवढं होऊनही हे लोक त्या घराण्याच्या पोरांना दारात घेतात, कपाळाला कपाळ लावतात. यात दशा कुणाची आणि मोठेपणा कुणाचा?

हो, हो, सर्दी-पडसं. येतंय मला ऐकू. मुद्दा आहे, नाही म्हणत नाही. कोरोनात इथल्या अनेक जमातींनी स्वतःहूनच होंगी थांबवली होती, आपल्या ग्रुपच्या सल्ल्याची वाट न बघता. आणि कुणाला नको असेल तर हात पुढे केला तरी चालतं, कुणी ओढून नाक लावत नाही. सरकारी कार्यक्रमांत बऱ्याचदा हे नुसतं फोटोपुरतं होतं, हेही खरं. पण फोटोपुरतं करतात तो दोष करणाऱ्याचा, होंगीचा नाही. आपल्याकडे नाही का, आदिवासी भागात मंत्री यायचे म्हणून तारपावाले आणि नाचणारी पोरं भर उन्हात उभी करतात, साहेब तीन तास उशिरा येतात, डोक्यावर पागोटं घालून दोन पावलं नाचतात, क्लिक, आणि गाडी सुटते. त्यांना "जोहार" म्हणायचं तेवढं राहून जातं.

नमस्काराच्या शुद्धतेबद्दल तर बोलूच नका, काका. १७७९ मध्ये मुंबईच्या इंग्रज सरकारनं पेशव्यांच्या सांगण्यावरून सोनारांना हुकूम काढला होता की तुम्ही "नमस्कार" म्हणायचं नाही. नुसता शब्द! तो ब्राह्मणांचा म्हणून. आणि महारांनी "जोहार" म्हणायचा, तोही लांबून. हात न लावता अभिवादन करण्यात आपण पारंगत कसे झालो त्यात सायन्स किती आणि शिवाशिव किती, हे एकदा बसून बघू या. चहा माझ्याकडे.

फार चढला माझा आवाज. पाणी पिऊन आले.

आप्पांकडे परत येते. श्वास झाला. आणि मग आप्पांनी ते केलं जे वारीत समोरच्या प्रत्येकाशी करतात. वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेले. वारीत वय बघत नाहीत, जात बघत नाहीत, तुम्ही वाकता तेव्हा समोरचाही वाकतो, दोघंही माऊली. कौमातुआंना यातलं काय ठाऊक? त्यांना वाटलं, हा टोपी उचलायला वाकला. म्हणून काठी सावरत तेही वाकले. दोन म्हाताऱ्यांची डोकी ठक्क करून आपटली. आप्पांचा हात त्यांच्या बुटावर, त्यांचा हात आप्पांच्या टोपीवर. अख्खी रांग हसली, ते दोघं सगळ्यात जास्त. मग आजोबांनी टोपी झटकली आणि दोन्ही हातांनी आप्पांच्या डोक्यावर बसवली, नीट, मधोमध.

नंतर चहा-बिस्किटं. खाल्ल्याशिवाय पोफिरी पुरी होत नाही. हा भाग आप्पांना पहिल्यापासूनच पटलेला होता. गाडीत बसल्यावर म्हणाले, "म्हातारा वारकरी आहे."

आता मी का बजावलं होतं ते. लाज वाटत होती. आप्पांची नाही, त्या सगळ्याचीच. नवी नोकरी, नवं घर, मुलाच्या वर्गातल्या गोऱ्या आया काय म्हणतील. आणि एक बाई होत्या यजमानांच्या रांगेत, शाळेच्या ऑफिसात काम करणाऱ्या. त्या कपाळ पुढे करून आल्या तेव्हा मी हात असा ताठ पुढे काढला की कोपर वाकू दिलं नाही. त्यांना कळलं. त्यांनी हसून हात हातात घेतला आणि मी सुटले. म्हणजे आज त्या सतरा तोंडांत अठरावं तोंड माझं होतं, २०१८ मधलं. राग बहुतेक त्याचाच येतोय.

मे २०२१ मध्ये आप्पा गेले. सीमा बंद, विमानं नाहीत, गेलं तर परत येता येईल की नाही ठाऊक नाही. फोनच्या पडद्यावर बघितलं सगळं. नेट दोनदा तुटलं. तिसऱ्या दिवशी त्या ऑफिसातल्या बाई दारात उभ्या. पोराने वर्गात सांगितलं असावं. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला रेवेना पाव, त्यांच्याकडचा बटाट्याच्या विरजणाचा, अजून गरम. काही बोलल्या नाहीत. या खेपेला माझं कोपर वाकलं. नाक वाहत होतं माझं, तसंच टेकवलं. त्यांनी सोडलं नाही, माझा श्वास जागेवर येईपर्यंत.

शाळेनं त्या पोफिरीचे फोटो काढले होते. कौमातुआंच्या घरच्यांना विचारून त्यातला एक खाली टाकतेय. दोन म्हातारे वाकलेत, मधे टोपी पडलीय. त्यांच्या मागे हात काठीसारखा ताठ करून एक बाई उभी आहे बघा, निळ्या कुर्त्यातली. ग्रुपवाल्यांनो, हसायला ती आहे.