भाडेकरूंमुळे जमीन महागली, हे खोटे आहे

‘बाहेरच्या मजुरांनी सेलू तालुक्यातील गावांची लोकसंख्या दुप्पट केली, त्यांच्यामुळेच जमिनी महागल्या आणि नळाचे पाणी पुरेनासे झाले, म्हणून त्यांना कोणीही खोली देऊ नये’, असा संदेश आमच्या वर्धा जिल्ह्यात मोबाईलवर फिरत आहे. तो वाचून माझ्या मोठ्या बाबांनी छिंदवाड्याकडील एका कुटुंबाला कबूल केलेली मागची खोली ऐनवेळी नाकारली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

लोकसंख्या दुप्पट झाल्याचा हिशेब कोणी केला? २००१ मध्ये वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १२,३६,७३६ होती, ती २०११ मध्ये १३,००,७७४ झाली. राज्याची वाढ १५.९९ टक्के असताना आपली केवळ ५.१८ टक्के. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आपली शिकलेली मुले पुण्या-नागपूरला जातात आणि कापूस वेचणीसाठी आलेली बहुतेक कुटुंबे हंगाम संपताच परततात, हे गावात कोणाला ठाऊक नाही?

सर्वांत घातक मुद्दा जमिनीचा आहे. विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कूळ कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय सहसा शेतजमीन घेता येत नाही, आणि ज्याला खोलीचे भाडे जड जाते तो एकराची बोली लावूच शकत नाही. भाव चढले ते ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेल्यावर. ज्यांची शेते त्यात गेली, ते बाजारभावाच्या कित्येक पट मोबदला घेऊन शेजारच्या गावांत शेत शोधत फिरले. त्यांच्यामागून नागपूरचे सातबाराधारक फार्महाऊससाठी आणि ले-आउट पाडणारे प्लॉटसाठी आले. त्यांना जमीन विकणारे आपणच, आपल्याच गावचे. यात खरा उघड्यावर पडला तो ठेक्याने शेती करणारा भूमिहीन, कारण मालकाने शेत विकताच त्याची वहिती संपली आणि पड ठेवलेल्या फार्महाऊसच्या जमिनीत त्याला निंदणाची मजुरीही मिळत नाही. या माणसाविषयी त्या संदेशात एक ओळही नाही.

पाण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. बुटीबोरी औद्योगिक वसाहतीच्या बाजूच्या गावांत भाड्याच्या खोल्या वाढल्या आणि टाकी मात्र जुनीच राहिली. परंतु टाकी वाढवणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे, आणि ले-आउटमधील बोअर किती पाणी उपसतात हा प्रश्नही त्याच ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे.

मोठ्या बाबांना मी जनगणनेचे आकडे वाचून दाखवले. ‘लोक म्हणतात ते उगीच म्हणत नसतील’, एवढेच ते बोलले. त्यांच्या सहा एकरांतील पऱ्हाटीची बोंडे फुटली आहेत, गावात वेचायला माणूस मिळत नाही, आणि ज्या कुटुंबाला त्यांनी खोली नाकारली ते याच वेचणीसाठी आले होते.