सवलतीतल्या सामानाचं भाडं कोण भरतं?

चौघींनी मिळून घेतलेल्या घरात मी तीन वर्षं राहते आहे. या काळात भाड्यावरून, वीजबिलावरून आमचं कधी मोठं भांडण झालं नाही. ज्या दोन-तीन वेळा घरात आठवडाभर अबोला धरला गेला, त्याचं मूळ सेलमध्ये उचलून आणलेल्या किराण्यात होतं. आणि तो किराणा बहुतेक वेळा मी आणलेला होता. म्हणूनच हे लिहायला हवं असं वाटतं.

दुकानातला हिशोब चुकीचा नसतो. मोठं पाकीट घेतलं की किलोमागे कमी पैसे पडतात, ते खरंच आहे. पण त्यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: माल ठेवायची जागा तुमची आहे, तो तुम्हीच खाणार आहात आणि संपेपर्यंत तुम्ही तिथेच राहणार आहात. शेअरिंगच्या घरात यातली एकही गोष्ट धड खरी नसते.

आधी कपाटाचं सांगते. एकदा पीठ स्वस्त मिळालं म्हणून तीन मोठ्या पिशव्या आणल्या. माझा कप्पा भरला, म्हणून दोन पिशव्या दुसरीच्या कप्प्यात 'चार दिवसांपुरत्या' ठेवल्या. ते चार दिवस दोन महिन्यांवर गेले. दुसरी पिशवी उघडायला घेतली तर घडीत पांढुरकं जाळं, आणि पिठाचे गोळे बारीक धाग्यांनी एकमेकांना चिकटलेले. दोन दिवसांनी त्याच कप्प्यातली बदामाची बरणी उघडली गेली. तो कप्पा जिचा, त्या मैत्रिणीच्या आईने एकेक बदाम निवडून ती भरून दिली होती. झाकणाच्या आतल्या कडेला अळी होती. पिठात होणाऱ्या या बारीक पतंगांच्या अळ्या पातळ प्लॅस्टिक कुरतडून पलीकडे जातात, बरणीच्या आट्यांमधूनही वाट काढतात. माझं पीठ वाया गेलं ते माझ्या पैशाचं होतं. बदामांची भरपाई मी कशी करणार होते?

तांदळाचंही तसंच. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि ते भोक बुजवून टाकते. आणताना तांदूळ कितीही स्वच्छ दिसला तरी किडा आत असू शकतो, आणि उबदार हवेत साधारण महिनाभरात तो बाहेर पडतो. थोडा तांदूळ असेल तर तेवढ्यात संपतोही. दहा किलो एकटीने कसा संपवायचा? पीठ-तांदूळ चार-पाच दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवले तर अंडी मरतात, हे मला नंतर कळलं. पण फ्रीझरही चौघींचा असतो. शिवाय कोंड्यासकट दळलेल्या पिठात दाण्याच्या अंकुरातलं तेल उतरलेलं असतं, त्यामुळे किडा नाही लागला तरी काही महिन्यांत ते खवट होतंच.

आता फ्रिजची गोष्ट. ती लिहिताना अजूनही मला जड जातं.

आमच्यातल्या एकीला मधुमेह आहे (तिला विचारून लिहिते आहे). तिचं इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात एका निळ्या डब्यात असतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. ते एकदा गोठलं की वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी फेकून द्यायचं असतं. एका रात्री मी मुदत संपत आलेल्या दह्याचे आणि चीजचे डबे निम्म्या किमतीत घेऊन आले. नऊ डबे. ते बसेनात, म्हणून दूध दाराच्या कप्प्यात सरकवलं, भाजीवर दोन डबे रचले आणि निळा डबा मागच्या भिंतीला टेकवला. मागची भिंत सगळ्यात गार असते, आणि दार सगळ्यात कमी गार. फ्रिज ठासून भरला की आतली हवा फिरत नाही, मग एका कोपऱ्यात बर्फ जमतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात दूध नासतं. फ्रीझर भरलेला असला तर उलट थंडी जास्त टिकते, पण फ्रिजला मोकळी जागाच लागते.

सकाळी ती ओट्यापाशी उभी होती आणि इन्सुलिन टोचायचं पेन उजेडाकडे धरून बघत होती. मग दुसरं पेन, मग तिसरं. ती ओरडली नाही. "हे मागे कोणी ढकललं गं?" एवढंच तिने विचारलं. मी ढकललं होतं. तिला कामावर उशिरा जाऊन आधी औषधांच्या दुकानात जावं लागलं. नव्या पेनांचे पैसे मी दिले, आणि मी वाचवलेल्या पैशांपेक्षा ते कितीतरी पटीने जास्त होते. पण त्या सकाळी तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती पैशाची नव्हती.

नऊ डब्यांतले पाच आम्ही टाकून दिले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून. ते वाचलं तेव्हा मला कचऱ्याच्या पिशवीतले ते पाच डबे आठवले, सील न काढलेले.

साठा केला की माणसाचा स्वभावही बदलतो, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. तेलाची एकच बाटली घरात असायची तेव्हा कोणी दोन चमचे घेतले तर माझ्या मनातही यायचं नाही. सहा बाटल्या रांगेत लागल्यावर बाकीच्यांना वाटायला लागलं की एवढं आहे तर घेऊ या, आणि मी मोजायला लागले. एका बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी तेल त्या रेघेच्या खाली नव्हतं, पण ती रेघ सगळ्यांनी पाहिली होती. माझी मिरपूडसुद्धा त्यानंतर कोणी न विचारता घेतली नाही. ते दुरुस्त व्हायला फार दिवस लागले.

आणि घर सोडताना काय? गेल्या वर्षी एक मुलगी महिन्याच्या नोटिशीवर गेली. कपडे-पुस्तकं दोन बॅगांत बसली. साबणाचे गठ्ठे, डाळी, पास्ता सगळं मागे राहिलं. ते आमच्याही खाण्यातलं नव्हतं, पण टाकवेना. कपाटाचा एक कप्पा पाच महिने त्यानेच अडवला.

एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामायिक कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी वापरणारी माणसं आपसात नियम ठरवून ती टिकवू शकतात, हे त्यांनी ठिकठिकाणच्या उदाहरणांवरून दाखवलं. आमचा फ्रिज म्हणजे कुरण नाही, पण आम्हीही एका रविवारी चौघी जमिनीवर बसलो आणि ठरवलं. प्रत्येकीला एक कप्पा, आणि त्यात मावेल तेवढीच खरेदी. मोठं पाकीट घ्यायचं असेल तर आधी विचारायचं, खाणाऱ्या किमान तिघी हव्यात, आणि पैसे माल आणण्याआधी. पीठ-तांदूळ घट्ट झाकणाच्या डब्यांतच, डब्यावर तारीख, आधी आलेलं आधी संपवायचं. मीठ, साखर, साबण यांचा साठा चालतो, पण तोही आपापल्या खाटेखाली.

सेल मी अजूनही बघते. कमी पगारात चार पैसे वाचवावे लागतात, त्यात लाज कसली? फक्त निघायच्या आधी कप्पा उघडून बघते. परवा तिथे दोनच पाकिटांची जागा होती, दोनच आणली.

निळा डबा आता मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा आम्ही मोकळी ठेवतो.